गुडघ्याची गोळी आणि डावा कान

नाही, पण मी म्हणतो, गुडघ्याच्या गोळीनं गुडघाच बरा व्हायला हवा ना? का माझंच काही चुकतंय? तुम्हाला सांगतो, नव्या औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासायचे आणि खरं ते सांगायचं, एवढंच माझं काम. निम्म्या पेशंटना खरी गोळी, निम्म्यांना नुसती पिठाची... आणि गुडघे? दोन्हीकडचे सारखेच कुरकुरतायत! साहेबांना म्हटलं, गोळी नापास. तर साहेब कसे, चष्मा कपाळावर, आवाजात साखर, "अरे, असा धीर सोडू नये! झोप बघ, भूक बघ, केस बघ, पचन बघ... एक तर लागेलच!"

लागणारच हो! अंधारात वीस दगड भिरकावले तर एखादा लागणारच, म्हणून काय मी नेमबाज झालो?

बघितल्या वीस गोष्टी. आणि लागली! काय लागलं? डावा कान! साठीपुढच्या बायकांना डाव्या कानानं जास्त ऐकू यायला लागलं! उजव्या नाही हं, डाव्याच! साहेब खुर्चीतून उडालेच, "कानाची गोळी म्हणून विकू! अहवालावर कर सही!"

हात जोडले हो मी. म्हटलं, साहेब, एकच प्रश्न विचारला असता तर मानलं असतं, वीस विचारलेत, मग कसोटीही वीसपट कडक नको? लावली कडक. कानही नापास! तर साहेब म्हणतात कसे, "कसोटी कडक करायच्या पद्धती किती रे?" म्हटलं, बऱ्याच. "मग सगळ्या लावून बघ ना! एक तर लागेलच!"

आता बोला! डोकं आपटू तरी कुठं? घरी आई गुडघा चोळत बसलेली, रोज विचारते, "तुमची गोळी कधी येतेय रे?" मी सही केली की हीच गोळी तिच्या हातात पडणार, आणि कानाची असली तरी ती गुडघ्यासाठी डोळे मिटून गिळणार, मुलाची सही आहे ना! नाही केली तर नोकरी गेली. रडू येतं हो, खरंच.

नाही केली. मनावर दगड ठेवून सांगितलं, नाही म्हणजे नाही! वाटलं, आता ओरडतील. छे! शांतपणे चष्मा पुसला. "असू दे रे. तू उद्यापासून नको येऊस. तुझ्यासारखे आकडेवाले वीस तरी असतील गावात, सगळ्यांना विचारतो. एक तर..."

आणि तुम्हाला सांगतो, एवढ्या वर्षांत साहेबांचं गणित पहिल्यांदाच बरोबर आलं!