बादली अजून रिकामी आहे

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आदरणीय सोमनाथराव, प्रमुख पाहुण्या संध्याताई, आमचे चीफ इन्स्ट्रक्टर ज्ञानेश सर, ज्यांची खुर्ची तुम्हाला स्टेजवर रिकामी दिसतेय, समोर बसलेले माझे आई-बाबा, क्लबचे सगळे मेकॅनिक, माझे विद्यार्थी, आणि पेठहून दोन एसटी बदलून आलेल्या भागीमावशी, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे, तेवढं सांभाळून घ्या. आणि बोलता बोलता माझं लक्ष उडालं तर तेही सांभाळून घ्या, कारण आज ते उडणार आहे.

आत्ता हँगरचे पत्रे थरथरले, ऐकलंत ना? तो ललित होता. भागीमावशींचा मुलगा आणि माझा शेवटचा विद्यार्थी. पहिल्या सोलोला निघालाय. सोलो म्हणजे विमानात शेजारी कोणी नाही. धावपट्टीवरून वर जायचं, डावीकडे चार वळणं घ्यायची आणि परत खाली यायचं, एवढंच. ज्ञानेश सर त्याची परीक्षा घेऊन विमानातून उतरलेत आणि आता वॉकी-टॉकी घेऊन रनवेच्या कडेला उभे आहेत. म्हणून खुर्ची रिकामी.

मग प्रश्न असा पडतो की ज्या बाईनं त्याला शिकवलं, ती गळ्यात निरोपाचा हार घालून इथे माइकसमोर काय करतेय?

सांगते. दुपारी जेवणाच्या वेळी ललित माझ्याकडे आला.

"मॅडम, एक बोलू? रागावणार नाही ना?"

"आधी बोल. मग ठरवते."

"तुमचं भाषण सुरू झालं ना, की मला सोडायला सांगा. ज्ञानेश सरांना."

"का? मी बाहेर असले तर वारा जास्त लागतो का?"

"तसं नाही. तुम्ही कडेला उभ्या असलात की मी रनवे बघतच नाही, तुम्हाला बघतो. तुमचा हात कमरेवर गेला की कळतं, काहीतरी चुकलं. सोमवारपासून तुम्ही नसणार. मग मी कोणाची कंबर बघू?"

शेजारच्या टेबलावर जेवणाऱ्या तेजस्विनीला, माझ्या दुसऱ्या विद्यार्थिनीला, ठसका लागला. मी त्याला म्हटलं, ठीक आहे, तू म्हणशील तसं. म्हणताना सोपं वाटलं होतं.

तर हा माझ्या मागचा मोठा बॅनर, ज्यावर माझा फोटो जरा जास्तच गोरा आलाय, तो शोभेसाठी नाहीये. त्याच्या मागे हँगरचं दार आहे आणि दाराच्या मागे रनवे. ललितनं हँगर सांभाळणाऱ्या बुधाभाऊंना सांगून तो बरोबर तिथेच लावून घेतला. मला काही दिसत नाही. तुम्हालाही दिसत नाही. दिसतं ते फक्त बुधाभाऊंना, कारण ते बाजूच्या दारात नळापाशी उभे आहेत. त्यांच्या पायाशी एक बादली आहे. ती रिकामी आहे.

पाहुण्यांसाठी सांगते. पहिला सोलो करून कोणी उतरलं की त्याच्या डोक्यावर इन्स्ट्रक्टरनं बादलीभर पाणी ओतायचं, ही आमची पद्धत. आणि बादली आधी भरून ठेवायची नाही, ही बुधाभाऊंची पद्धत. एकदा कोणीतरी हौसेनं आधीच भरून ठेवली होती, आणि त्या दिवशी तो मुलगा रनवे सोडून शेजारच्या मक्यात उतरला. त्याला काही झालं नाही, मक्याला झालं. तेव्हापासून विमानाची चाकं टेकून ते नीट थांबेपर्यंत बुधाभाऊ नळाला हात लावत नाहीत.

हा आवाज आता बारीक झाला, म्हणजे तो तळ्याच्या बाजूला गेला. मी खाली आहे, माझं वजन नसल्यानं विमान हलकं झालंय, पटकन वर गेलं असणार. इतके महिने मी त्याच्यावर शब्दशः ओझं होते.

असो. सत्काराबद्दल बोलायला हवं. सोमनाथराव माझ्याबद्दल फार चांगलं बोलले. 'लहान विमानातून मोठ्या विमानाकडे झेप' वगैरे. खरं सांगू का, मी इथे शिकवायला आले ती उड्डाणाचे तास भरायला. सगळेच तसे येतात. लायसन्स हातात असतं, नोकरी नसते, मग शिकवा आणि तास जमवा. माझ्या बॅचचे दोघं आधीच जेट उडवतात. ते ग्रुपवर ढगांचे फोटो टाकायचे आणि मी इथे उन्हात कोणाला तरी सांगत असायची, नाक खाली, नाक खाली, अरे विमानाचं, तुझं नाही.

बाबा सिन्नरच्या एमआयडीसीत होते. त्यांना रोज शेजारी विचारायचे, "मुलगी पायलट ना? मग विमान कुठलं?" बाबा म्हणायचे, "दोन सीटचं." पुढचा प्रश्न ठरलेला, "मग पॅसेंजर कुठे बसतो?" आता एअरलाइनचं पत्र आलं तेव्हा बाबांनी अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले. आईनं एकच विचारलं, "तिथे तुझ्या शेजारी कोण असतं?"

आई, तुला तेव्हा नीट उत्तर दिलं नाही, आता देते. इथे विद्यार्थी डावीकडे बसतो आणि इन्स्ट्रक्टर उजवीकडे. तिथे कॅप्टन डावीकडे आणि नवीन को-पायलट उजवीकडे. म्हणजे माझी खुर्ची तीच. पण आता कमरेवर हात डावीकडच्या माणसाचा.

थांबा जरा.

इंजिन कमी केलं त्यानं. आलं, शेवटचं वळण आलं. इथे एक किस्सा सांगितलाच पाहिजे. आमच्या इथे वळायचं कुठे हे सगळे विद्यार्थी एका खुणेवर शिकले होते. गोरक्षनाना इथलेच शेतकरी, त्यांच्या कांदाचाळीवर निळा ताडपत्रीचा कागद होता. कागद पंखाखाली आला की वळायचं. पुस्तकात असं काही लिहिलेलं नाही, पण जुन्यानं नव्याला सांगितलं आणि चालू राहिलं. मग मागच्या उन्हाळ्यात नानांनी कांदा विकला आणि कागद काढून घेतला. आठवडाभर आमची सगळी विमानं वळायचं विसरून पार पुढच्या गावापर्यंत जात होती. नाना क्लबमध्ये येऊन विचारून गेले, "काय हो, पोरं रुसली का माझ्यावर?" तेव्हा ज्ञानेश सरांनी सगळ्यांना एकच सांगितलं. रनवे बघा. कांदा विकला जाणार आहे.

भागीमावशी, तुम्ही हात का धरलाय संध्याताईंचा? काही नाही, तो येतोय. आत्ता ऐकू येईल, चाकांचा एक बारीक...

हा आवाज चाकांचा नाही.

इंजिन फुल केलं त्यानं. वर गेला परत.

मावशी, बसा. बसा तुम्ही. माइकवरच सांगते, सगळेच ऐका. त्याला लँडिंग बरोबर वाटलं नाही, म्हणून तो टेकला नाही. परत एक चक्कर मारून येणार. हे चुकणं नाही. नवीन मुलांना हेच सगळ्यात अवघड जातं, कारण खाली सगळे बघत असतात आणि लाज वाटते. ओढूनताणून टेकवायला जातात आणि तिथेच घात होतो. मी त्याला किती वेळा सांगितलंय, जमत नसेल तर वर जा, आकाश कुठे पळून चाललंय. पण प्रत्येक वेळी वर जायचं हे मी ठरवायची. इंजिनाचा जोर वाढवणाऱ्या थ्रॉटलवर माझा हात आधी जायचा. आज तिथे माझा हात नव्हता.

"एकलाच हाय ना वर?" मावशी विचारतायत. हो मावशी, एकटाच आहे.

सोमनाथराव म्हणतायत, पुढे बोला. बोलते सर. काय बोलत होते मी? मला वाटतं, दाराबाहेर जाऊन उभं राहावं. माझे पाय या टेबलाखाली पेडल दाबतायत, पहिल्या रांगेतल्यांना दिसत असेल. पण मी त्याला शब्द दिलाय. आणि खरं तर मी बाहेर गेले तरी काय करणार? फार तर कमरेवर हात ठेवणार.

आज तो गेला नसता तर नवीन इन्स्ट्रक्टरनं त्याला पुन्हा पहिल्यापासून तपासलं असतं. त्यात अजून एक-दोन महिने गेले असते. याआधी एकदा धुक्यानं त्याचा सोलो गेला, एकदा आडव्या वाऱ्यानं. आज दुपारीही वारा आडवाच होता. चारनंतर पडला. मी सकाळपासून झाडांची पानं बघतेय. हार घालताना तुम्हाला वाटलं असेल, मॅडम भावुक होऊन वर बघतायत. मी वाऱ्याची दिशा बघत होते.

आता तो तळ्यावर असेल. आता कांदाचाळ. तिथे आज कुठलाच कागद नाही. निळा नाही, आणि कडेला मीही नाही. मी नावाचा तो कागद यावेळी ललितनंच काढून टाकला, मला सांगून, माझ्या भाषणाची वेळ साधून. सोमवारी मी नवीन कॅप्टनच्या शेजारी बसेन तेव्हा मला हेच आठवावं लागणार आहे. ते रागावले का, हसले का, हे नाही बघायचं. रनवे बघायचा.

इंजिन कमी झालं.

कोणी बोलू नका. प्लीज.

बुधाभाऊ, तुम्ही तरी काहीतरी चेहरा करा.

...

नळ. ऐकलंत? नळ सोडला त्यांनी. पाणी बादलीत पडतंय.

टाळ्या नंतर, मावशींना आधी पाणी द्या प्यायला. आणि बुधाभाऊ, काठोकाठ भरा. इतकी वाट बघायला लावली, तर थंड पाण्यानं भरा.

अध्यक्ष महाराज, मला अजून बरेच आभार मानायचे होते. ज्ञानेश सरांचे, ज्यांनी मला शिकवायला शिकवलं. मेकॅनिक मंडळींचे, ज्यांच्या भरवशावर आम्ही रोज जमीन सोडली. आई-बाबांचे, ज्यांनी पॅसेंजर कुठे बसतो याचं उत्तर इतकी वर्षं दिलं. ते सगळे इथेच मानते. कोणाचं नाव सुटलं असेल, मान राहिला असेल, किंवा मी पाठ फिरवून आवाज ऐकत बसले असेन, तर पोटात घाला. भाषण अर्धवट राहिलंय हे मला माहीत आहे, पण बाहेर एक मुलगा कोरडा उभा आहे.

भागीमावशी, चला. बादली जड आहे, एका बाजूनं तुम्ही धरा.