बावीस मिनिटांचा दम

— नाही, मी नाही म्हणतच नाहीये, शुक्री, तू आधी बस. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, इकडे स्पीकरवर बस, चालतं. मी फक्त एवढंच विचारतोय की मीच का? त्या लग्नात तीनशे माणूस होता. विचार की त्यांना, तुझ्या बाबानं, लडक्यानं, वाजवलं की नाही. आता ते काय सांगणार, वाजवलंच सांगणार — हां, तोच तर लोचा आहे, कळतंय मला. मी काय येडा नाही. तुझा बाबा नऊ वर्षं खडीच्या क्रशरवर, छातीत दगडाची भुकटी बसली, दिवाळीत काम सुटलं. आणि आता भरपाईच्या केसमध्ये क्रशरवाल्याचा वकील लेबर कोर्टाच्या साहेबासमोर मोबाईल धरतो, की बघा साहेब, काम सोडून तीन महिन्यांनी हा माणूस लग्नात बावीस मिनिटं एका दमात तारपा फुंकतोय, मग याची छाती आमच्याकडे कशी गेली? जे झालं ते नंतर झालं, आमचा काय संबंध? बरोबर ना? आणि तुझं म्हणणं, धनेशकाकानं यावं, साहेबासमोर उभं राहावं आणि सांगावं, की तो आवाज लडक्याचा नव्हता, माझ्या कीबोर्डचा होता. एवढंच. एवढंच म्हणतेस तू!

अगं पण कोण विश्वास ठेवेल? थांब, तूच ऐक — वायर लूज आहे जरा — हां. ऐक. — — काय? मशीन वाटतं? नाही ना? तू त्याची पोटची पोर, तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, मग साहेबाला काय कप्पाळ कळणार आहे? संजाणची पार्टी आली होती मागच्या वर्षी, कपड्याचा मोठा शेठ, तो इथेच बसून म्हणाला, ‘आ तो असल छे!’ असल! डहाणूपासून उंबरगावपर्यंत माझ्याएवढा असल तारपा कीबोर्डवर कोणाचा नाही, हे मी नाही म्हणत, लोक म्हणतात. बटण दाबून नाही होत हे. कंपनी काय देते? शहनाई देते, बासरी देते, सॅक्सोफोन देते, तारपा कोण देणार आपल्याला? मी आधी शहनाईखाली हार्मोनियम लावून बघितलं — असं वाजायचं, जसं कोणीतरी म्हशीला दारात अडवलंय. नाचणारे गोल धरायचे आणि दोन मिनिटांत बिड्या प्यायला बाजूला. म्हणून मग तुझ्या बाबाला आणलं. तीन वर्षं झाली. ह्याच खोलीत, दाराला गोधडी लावून, पंखा बंद, घामाच्या धारा — चाळीस मिनिटं वाजवत होता, मध्ये एकदाही थांबला नाही. मी एकेक सूर सुटा करून मशीनमध्ये भरला.

आणि तरी चुकलोच ना मी! काय केलं माहीत आहे? मोबाईलवर एका माणसाचं बघितलं होतं, तो शिकवतो की फुंकायचं वाद्य खरं वाटायला पाहिजे तर मध्ये मध्ये जागा सोडा, वाजवणारा श्वास घेतो तेवढी. मी सोडली. मोठ्या शहाणपणानं दर चार ओळींनंतर सोडली. लडक्याला ऐकवलं तर तो हसायलाच लागला, पोट धरून. म्हणाला, ‘धनेशभाऊ, हा कोण मरायला टेकलाय? तारपा दम तोडत नाय.’ मग मला बसून दाखवलं, नाकानं घ्यायचं, गालात ठेवायचं, गालातलं बाहेर जातंय तोवर नाकानं पुन्हा घ्यायचं. म्हणून तर गोल फिरत राहतो, कोणाचं पाऊल अडत नाही. मी सगळ्या जागा बुजवल्या. आणि दुसरं म्हणजे सगळे सूर सारख्या जोरानं ठेवायचे नाहीत, एकाला जास्त बोट, एकाला कमी. ठेका आपोआप ओळीत लावायचं बटण असतं, ते मी बंद ठेवतो, माणूस काय ओळीत वाजवतो का? फुंकून फुंकून तारप्याचा भोपळा आतून ओला झाला की सूर केसभर खाली येतो — ते व्हील दिसतं ना डाव्या हाताला, त्यानं तेही घातलं. बावीस मिनिटांत हळूहळू उतरतो. कोण करतं एवढं? त्या वकिलाला सांगा म्हणावं, एवढं कोण करतं!

आता मी साहेबासमोर सांगितलं, की हे मशीन होतं, तर माझ्या बोर्डावर काय लिहिलंय ते वाचलंस ना बाहेर? ‘ओरिजिनल तारपा पार्टी’. उद्यापासून कोण बोलावेल मला? पोरं हसतील. आणि फसवलं मी एकट्यानं नाही हां, तुझा बाबाच म्हणाला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी आला, ओट्यावर बसला, पाच पायऱ्या चढून आला तर बोलायला त्याला किती वेळ लागला. म्हणाला, ‘दम नाय पुरत आता. मी नुसता तोंडाला लावून उभा राहतो, तू मशीन सोड. पण लोकांना कळू देऊ नको.’ मी काय करायचं? घरी जा म्हणायचं? माणसाची इज्जत असते. त्यानं गाल फुगवले, मी मशीन सोडलं. बावीस मिनिटं नुसते गाल फुगवून उभा राहिला, तेवढ्यानंही शेवटी ओठ निळे पडले होते. व्हिडिओत दिसत नाही ते, लाइट लाल होता.

आणि मला काय नवीन नव्हतं ते. म्हणजे — तसं नाही — म्हणजे हेडफोन लावला की कळतं ना माणसाला. तुम्हाला घरात खोकला ऐकू यायचा, तुम्ही म्हणायचात बिडी, म्हणायचात थंडी. मला आत ऐकू यायचं. दुसऱ्यांदा रेकॉर्ड केलं तेव्हा चाळीसची पंधरा मिनिटं झाली होती, आणि नाकानं श्वास ओढताना मागे एक शिट्टी, अगदी बारीक, कुकरची सुरू व्हायच्या आधी असते तशी. दोन वर्षं झाली त्याला. तेव्हा तर तो रोज क्रशरवर जात होता, पांढरा होऊन यायचा. मी काय केलं? ती शिट्टी जिथे असते तिथला आवाज मशीनमधून कापला, वर थोडा घुमारा टाकला, एकदम साफ. मला वाटलं सांगावं. देवाशपथ वाटलं. पण सीझन चालू होता, आणि सांगितलं असतं तर त्यानं फुंकणंच सोडलं असतं, मला अजून खालचे तीन सूर पाहिजे होते. ते गेल्या दसऱ्याला घेतले. तेव्हा तर सहा सेकंद, की खोकला. सहा सेकंद, खोकला. खोकल्याच्या मधले तुकडे वेचून —

काय? हो, आहे. दसऱ्याची फाईल आहे ना, तशीच आहे, न कापलेली, ह्या पेन ड्राइव्हमध्ये. तारीख? तारीख असतेच फाईलवर, मशीन आपोआप टाकतं. हो, तेव्हा कामावरच होता तो, दिवाळीपर्यंत होता. — हां. म्हणजे तुला ती पाहिजे. म्हणजे मी नाही आलो तरी चालेल, फाईल बोलेल, असं म्हणतेस. हुशार आहेस, शुक्री. शिकलीस ते बरं झालं. लावू? ऐकायचीय? नको ऐकू. बरं, ऐक. — — — पुरे. पुरे झालं. घरी जो ऐकतेस तोच खोकला आहे, त्यात काय रडायचं.

नाही, थांब, हात नको लावू. मला विचार करू दे. तू ही फाईल साहेबाला देणार. साहेब ऐकणार. मग साहेब पहिला प्रश्न काय विचारेल, सांग? ही कोणी घेतली? धनेशनं. धनेशला बोलवा. मग मला विचारणार, की बाबा, दसऱ्याला हा माणूस सहा सेकंद फुंकू शकत नव्हता, तू समोर बसून ऐकत होतास, तू काय केलंस? त्याच्या आधीच्या वर्षी काय ऐकलंस? कोणाला सांगितलंस? काय सांगू मी? तीन सूर कमी होते म्हणून? तू सांग ना, तूच सांग, काय सांगू. तुझ्या नजरेतच दिसतंय, आता तू मला क्रशरवाल्याच्या बाजूला बसवलंस. त्यानं भुकटी खायला घातली, मी तर नुसतं ऐकलं ना! नुसतं ऐकल्याचा काय गुन्हा असतो का?

माझी बायको आहे, दोन मुली आहेत, मे महिनाभर तारखा आहेत. तुझा बाबा काय फाईलनं बरा होणार आहे? डॉक्टरनं सांगितलंय ना, छाती परत येत नाही. — ऑक्सिजनचं मशीन मिळेल, हो, ऐकलं मी, तू दोनदा सांगितलंस. मिळेलही. नाहीही मिळणार. — ओढू नको म्हटलं ना! बस तिथे. हे बघ, मी डिलीट दाबलं. हे बघ, विचारतंय, खरंच काढून टाकू का. दोनदा विचारतं हे, चुकून दाबलं असेल म्हणून.

हो.

झालं. आता कशाला ओरडतेस? गेली ती. मशीनमध्ये आहे तो साफ आवाज, तो पाहिजे तर नेऊन दे साहेबाला, बावीस मिनिटांचा. ऊठ, उधव्याला जाणारी जीप निघून जाईल. मी कोणाला काही बोललो नाही, तू काही ऐकलं नाहीस. आणि ऐक — शुक्री, ऐक ना — बुधवारी लग्न आहे, बाबाचा तारपा तेवढा पाठवून दे. स्टेजवर कोणाच्या तरी तोंडाला लावलेला दिसायला पाहिजे.