मास्तरांच्या नावावरचं शून्य

नाही हो, तिथे नको, खिडकीपाशीच घ्या फोटो — इकडून काढलात तर मागे ही सगळी रिकामी टेबलं येतील. माणसं? घरून काम करतात सगळी. सहा जण आहेत माझ्या हाताखाली, त्यातल्या दोघांचे चेहरे पाहिलेत मी, बाकीच्यांचे नुसते आवाज. मी येते रोज. घरी तरी कोण वाट बघतंय — इथे निदान खालचा वॉचमन विचारतो, मॅडम, आज उशीर झाला? चष्मा काढू? राहू दे? बरं.

फोटोखाली दोन ओळी हव्यात ना तुम्हाला? ऑफिसने सांगितलंच असेल — कंपनीला पंचवीस वर्षं झाली, बाईंचा सत्कार आहे, बाईंनी वॉर्निंगा शून्यावर आणल्या. आता वॉर्निंग म्हणजे काय, तर — अहो, सोपं आहे. नवजात बाळांना ठेवतात ना, ती उबेची काचेची पेटी, ती आम्ही बनवतो. तिच्या पोटात एक छोटा कॉम्प्युटर असतो, आणि त्याच्याही तळाशी जो प्रोग्रॅम चालतो तो आमच्या टीमचा. आम्ही लिहितो, कंपायलर ते यंत्राला कळेल असं करून देतो, आणि देता देता कुरकुरतो — बाई, ही ओळ मला बरोबर वाटत नाही. चूक आहे असं नाही म्हणत हं तो. वाटत नाही, एवढंच. काम अडत नाही, म्हणून लोक बघत नाहीत. आमच्याकडे तीनशे बारा साठल्या होत्या. बघणारा एकच माणूस होता.

तो भिंतीवरचा फोटो? हो, ती मीच, केस होते तेव्हा लांब. शेजारी उभे आहेत ते मास्तर. शिकवत वगैरे नव्हते कुठे, पण सकाळी आल्या आल्या वॉर्निंगांची यादी हजेरी घेतल्यासारखी मोठ्याने वाचायचे, म्हणून मास्तर. दिवसाला दोन सोडवायचे, फार तर तीन. मी म्हणायची, मास्तर, या गतीने तुम्ही रिटायर व्हाल. तर म्हणायचे, "अगं, तिचं तोंड बंद करायला किती वेळ लागतो? ती का बोलते ते शोधायला लागतो." एकाच डब्यातलं जेवायचो आम्ही — म्हणजे तसं काही नाही हं, तुम्ही हसू नका — ते आणि त्यांची आई, दोघंच घरात. ते आईचं बोलायचे, मी माझ्या वडिलांचं. वडील अंथरुणाला खिळलेले, घरात कमावणारी मी एकटी, नोकरीला आठच महिने झालेले, अजून कायमसुद्धा नव्हते.

तर झालं काय, मोठं गिऱ्हाईक यायचं होतं दुसऱ्या दिवशी. साहेब म्हणाले, पाचपर्यंत यादी कोरी पाहिजे. सगळे जुंपले. सत्तावीस उरल्या असताना, दुपारी तीनला, मास्तरांना फोन आला — आई पडली. ते तसेच धावले. मशीन उघडं टाकून. आणि शेवटच्या फायली त्यांच्याच मशीनवर होत्या, म्हणून मी बसले त्यांच्या खुर्चीत.

शेवटची राहिली तेव्हा पाचला वीस कमी होते. तापमान मोजणाऱ्या भागातली. कंपायलर म्हणत होता, तापमानाचा मापक ठीक आहे की नाही याचं उत्तर ठेवायची जागा इथे भरायच्या आधीच वाचली जाईल कदाचित. कदाचित! मी काय केलं — त्या जागेत आधीच शून्य भरून टाकलं. झालं, कंपायलर गप्प. यादी कोरी. टाळ्या पडल्या हो इथे. आता आमच्याकडे शून्य म्हणजे काय, माहितीये? सगळं ठीक. मापकाची वायर सुटली की प्रोग्रॅम त्याच वाटेने जायचा, जिथे ती जागा कुणी भरतच नव्हतं. मी हात लावला नसता तर तिथे आधीचा कसलातरी कचरा आकडा राहिला असता, आणि कचरा वाचून पेटी बहुतेक वेळा बोंबलली तरी असती. माझ्या शून्यामुळे ती हिरवा दिवा लावून बसली.

सात महिन्यांनी एका पेटीची वायर सुटली. पडद्यावर जुनंच तापमान, दिवा हिरवा, आणि आत बाळ गार पडत चाललेलं. नर्सने दुपटं सारखं करायला हात आत घातला म्हणून कळलं. नाही नाही — वाचलं. चार दिवसांनी घरी गेलं. मी रोज फोन करून विचारत होते, नाव न सांगता.

चौकशी झालीच. कोणती ओळ कुणी, किती वाजता लिहिली याची नोंद असते आमच्याकडे, आणि त्या ओळीपुढे नाव मास्तरांचं. त्यांचं मशीन ना! मी तिथेच होते खोलीत, त्या कोपऱ्यात. साहेबांनी विचारलं, हे तुम्ही केलंत? मास्तरांनी कागद बघितला, बराच वेळ बघितला, आणि म्हणाले, "नाव माझं आहे, तेव्हा जबाबदारी माझी." बस्स. महिन्याभरात कंपनी सोडून गेले. त्यांचं सामान खोक्यात भरायला मीच मदत केली, काय निर्लज्ज असेन बघा. पुढे त्यांची जागा मलाच मिळाली. त्या दिवसापासून एकही वॉर्निंग मी मुळापर्यंत गेल्याशिवाय सोडलेली नाही, अकरा वर्षं. त्याचा हा सत्कार.

लिहून घेताय का तुम्ही? नका घेऊ. — नाही, थांबा, ऐका. परवा फोन केला मी त्यांना. म्हटलं, सत्काराला बोलवायचं, आणि आधी सांगून टाकायचं, मग जे व्हायचं ते होऊ दे. आई गेली म्हणाले, तीन वर्षं झाली. मला कुणी कळवलंसुद्धा नाही. कोण कळवणार? मी म्हटलं, मास्तर, ती ओळ — तर मध्येच म्हणाले, "चार चाळीसची नोंद आहे ती. चार चाळीसला मी आईला एक्स-रेसाठी घेऊन उभा होतो, दवाखान्याचा कागद आहे की माझ्याकडे." म्हणजे माहीत होतं! त्या खोलीत, तो कागद बघत होते तेव्हाच! मी म्हटलं, मग बोलला का नाहीत? म्हणाले, "तुझ्या वडिलांचं औषधपाणी तुझ्या पगारावर चाललं होतं. मला वाटलं, सांगशील. आठवडाभरात सांगशील. वर्षभर तरी वाट बघितली मी." रागाने नाही हो म्हणाले. रागावले असते तर बरं. मी म्हटलं, आता सांगते सगळ्यांना, स्टेजवर सांगते. तर म्हणाले, "सांग, तुला सांगायचं असेल तर. मला आता त्याचा काही उपयोग नाही." आणि सत्काराला या म्हटलं, तर — दारावर कुणी आलंय म्हणाले.

काय विचारलंत? सांगणार का स्टेजवर?



तुमचं झालं ना काम? आला असेल एखादा बरा. नसला तरी चालेल. लिफ्ट डाव्या हाताला आहे. या आता तुम्ही.