ह्यांना अजून दोन वर्षं ठेवून घ्या

माननीय अध्यक्ष महोदय, संस्थेची मंडळी, मुख्याध्यापिकाबाई, सगळे शिक्षक-शिक्षिका, आजी-माजी विद्यार्थी, आणि भाषणं संपल्याशिवाय खुर्च्या उचलता येत नाहीत म्हणून दाराशी ताटकळलेले शिपाईमामा, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी काही वक्ता नाही. जन्मभर दवाखान्यात नर्स होते, इंजेक्शनं दिली. तिथे प्रस्तावना लांबली की पेशंट पळून जातो. पण आत्ताच अध्यक्षांनी भर सभेत सरांना विचारलं, "निवृत्त कसले होताय? वरच्या वर्गाला निबंध शिकवायला अजून दोन वर्षं या." आणि आमच्या ह्यांनी काय उत्तर द्यावं? "हिला विचारून सांगतो." तुम्ही सगळे हसलात. अहो, सबंध संसारात ह्यांनी मला विचारून करायची ठरवलेली ही पहिलीच गोष्ट, आणि तीही माईकसमोर! म्हणून मला वर यावं लागलं.

सर सांगतात, मुद्दा आधी मांडावा, वाचणाऱ्याला शोधत बसायला लावू नये. तर माझा मुद्दा असा, की ह्यांना ठेवून घ्या. दोन कशाला, चार वर्षं ठेवा. मानधन नाही दिलंत तरी माझी तक्रार नाही. का म्हणते, तेही ऐका.

ह्यांची पद्धत इथल्या मुलांना पाठच आहे. निबंधाचा एकेक परिच्छेद वेगळ्या कागदावर लिहायचा, ते कागद पत्त्यांसारखे पिसायचे आणि शेजारच्याच्या हातात द्यायचे. त्याला बरोबर क्रम लावता आला तर निबंध जमला. कसेही लावले तरी चालतंय असं दिसलं, तर तो निबंध नाही, नुसतं गाठोडं. वर्गात ठीक आहे हो हे. घरात काय करायचं? एकदा मी पदर खोचून भांडायला उभी राहिले. सुरुवात नणंदेपासून केली, मग बंद पडलेला पंखा, मग लग्नात झालेला माझ्या वडिलांचा अपमान, मग पुन्हा नणंद. हे शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, विरघळले. तर म्हणतात कसे, "अगं, मुद्दे तीनच आहेत, एक दोनदा आलाय. आणि पंख्यावरून तू लग्नावर कशी गेलीस? मधला दुवा दिसत नाही." बायांनो, तुम्हीच सांगा, भांडणात कधी दुवा असतो का? आणि माझं दुर्दैव असं, की मी खरंच दुवा शोधायला लागले आणि रागवायचं राहूनच गेलं.

बरं, हे नियम दुसऱ्याला. स्वतःची चूक असली की ह्यांना प्रस्तावना सुचते. मी दूध तापत ठेवून कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. थोड्या वेळाने हे धापा टाकत वर आले आणि म्हणाले, "दूध तापवताना लक्ष लागतं." मी म्हटलं, बरं. "तू गेल्यावर मी पेपर तपासायला बसलो." बरं. "त्यामुळे साहजिकच..." मी जिना उतरून ओटा पुसायला लागले, तरी ह्यांचा समारोप काही येईना. मुख्याध्यापिकाबाई हसताहेत. बाई, तुम्हाला ह्यांचे रजेचे अर्ज आठवले असणार.

आणि एक गोष्ट सांगते, ती हसण्यासारखी नाही. आमची लेक शिकायला दुसऱ्या शहरात होती. एका दुपारी तिचा फोन आला. डोकं दुखतंय, खोलीतल्या मुली बोलत नाहीत, एवढी फी भरलीत, लोक काय म्हणतील, सगळं रडत रडत, शेंडा ना बुडखा. मी पडले नर्स, मी विचारलं, "ताप आहे का गं?" ह्यांनी फोन घेतला. म्हणाले, "बाळा, बाकीचं सगळं नंतर सांग. आधी एकच वाक्य बोल. तुला काय हवंय?" मग ती म्हणाली, "बाबा, मला घरी यायचंय."

वर्गात वाक्यावाक्याला "का?" विचारणारा हा माणूस. त्या दिवशी एकदाही विचारलं नाही. फोन ठेवला आणि निघाले. स्टँडवर पोचल्यावर कळलं, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात माझी. तसेच गेले आणि लेकीला घेऊन आले. तो कोर्स सुटला, पण पोरगी सावरली. ती बघा तिकडे बसलीये, मला "आई, पुरे" अशा खुणा करतेय.

मला तेव्हा कळलं, हे मार्कांसाठी शिकवत नाहीत. एखाद्याच्या घशात काही अडकलेलं असेल, तर ते त्याला नीट बाहेर काढता यावं, म्हणून शिकवतात. असा शिक्षक शाळेने सोडू नये. म्हणून म्हणते, अध्यक्ष महोदय, ह्यांना ठेवून...

थांबा हं जरा. हे खाली मान घालून बसलेत, पण मनात माझं भाषण तपासताहेत, मी ओळखते. हे मुलांना सांगतात, शेवट लिहायच्या आधी मागचं सगळं एकदा वाचा. निष्कर्ष त्यातून निघत नसेल, तर निष्कर्ष खोडा. मी आत्ता मनातल्या मनात मागे जाऊन बघितलं. म्हटलं ठेवून घ्या, आणि बोलले सगळं घरचं. आयुष्यभर माझ्या रात्रपाळ्या, ह्यांची सकाळची शाळा. आम्ही भेटायचो ते दारात, मी आत येताना आणि हे बाहेर पडताना. त्यातून हा शेवट निघत नाही हो.

अध्यक्ष महोदय, तुमचा मान राखून खोडते. मला हे घरी हवेत.

तुम्ही बोलावलंत, ऐकून घेतलंत, फार बरं वाटलं, आभारी आहे. कुठे तोंड सैल सुटलं असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर आपली म्हणून पोटात घाला.

अहो, उठा. चला.