नाल्यापल्याडची शाळा

नाल्याच्या मधात दोन्ही पोरी होत्या, एका बाभळीच्या खोडाले धरून, अन् मी ह्या काठावर. आमच्याकडं पाण्याचा थेंब नव्हता बाप्पा, ऊन पडलेलं होतं, पण वर कुठं तरी पाऊस कोसळला असन, अन् पोरी मधात असतानाच लोंढा आला. माही कमल अलीकडं, सुभद्राची शांता तिच्या पलीकडं. दप्तरं गेली वाहून. आम्ही दोघी बाजूच्याच वावरात बायांसंग निंदत होतो, ओरडा ऐकून पळालो. मले पोहता येत नाही, सुभद्राले येत होतं. तिनं बैलाचं चऱ्हाट कमरेले बांधलं, दुसरं टोक आमच्या हातात देलं अन् मले म्हणे, गिरजे, सोडू नको, सोडलं तं तिघी जाऊ. अन् उतरली. तिच्या हाताले पहिले माही पोर लागली. तिची स्वतःची मागं माय वं, माय वं करून राह्यली होती, पण हिनं तिकडं पाह्यलं नाही. कमलले पाठीवर घेतलं, आम्ही ओढलं. मंग ती परत उतरली.

थांबा, पोरी तिथं काऊन होत्या ते आधी सांगू द्या, नाही तं तुम्हाले वाटन आम्ही बेफिकीर होतो. होतोच म्हणा थोड्या.

माहं माहेर लोणारकडचं. बापानं मले चौथीपर्यंत शिकवलं, पुढं काही नाही, पण वाचता येते, सहीपण येते. लग्न होऊन इथं आली, जानेफळच्या अलीकडं नाल्याकाठचं हे लहान गाव. वावर थोडं, म्हणून आपलं निंदून झालं का दुसऱ्याच्या वावरात. महाराष्ट्र नवीन होता, बुलढाण्याले जिल्हा परिषद नवीन झाली होती, अन् गावात तिची शाळा होती चौथीपर्यंत. मास्तर मेहकरहून बसनं येये. म्हणजे येये असं आम्ही समजत होतो.

काय झालं सांगू का, शाळेची घंटी म्हणजे कडुलिंबाले टांगलेला लोखंडाचा पाटा, अन् ती वाजवे गावचा कोतवाल. अकराले वाजे, दुपारच्याले वाजे, पाचले वाजे. आम्ही बाया वावरात त्याच घंटीवर चालत होतो. दुपारची वाजली का भाकर सोडायची, पाचची वाजली का घरी निघायचं. घंटी वाजते म्हणजे शाळा चालू आहे, एवढं आमचं डोकं. दोन सालं असंच.

एक दिवस भावाचं कार्ड आलं. माहे हात शेणाचे, सारवून राह्यली होती, म्हटलं कमल, वाच. पोरगी तिसरीत. तिनं कार्ड हातात धरलं अन् पुस्तकातला धडा म्हणाले लागली, तोंडपाठ, शेतकरी पहाटे उठतो का काय ते. म्या म्हटलं, तुह्या मामाच्या घरी कोण पहाटे उठते वं? मंग रडली. मास्तर आठवड्यातून एक दिवस येते म्हणे, अन् त्याच दिवशी साऱ्या आठवड्याची हजेरी भरते. मी कोतवालाले धरलं, का रे बाबा, मास्तर नसते तं घंटी कशाची वाजवतो? तो म्हणे, वयनी, मले घंटी वाजवाले सांगतली, मास्तर पाहाले नाही.

चूक माहीच. वाचता येणारी माय घरात असून पोरगी दोन सालं कोरी राह्यली.

मंग ठरवलं, नाल्यापल्याड जानेफळची शाळा चांगली, तिथं घालायची. गावातले म्हणे, पोरीले एवढं कशाले? कमलचा बाप म्हणे, तू पाह्य. सुभद्रा माह्या बाजूच्या तासात, पिकाच्या ओळीत, निंदत होती, तिले सांगतलं तं ती म्हणे, माही शांतापण जाईन. तिचं घर बौद्धवाड्यातलं. गावच्या शाळेत शांता दाराजवळ बसे, अलग. मी ते पाह्यलं होतं अन् कधी बोलली नव्हती. लिहा तुम्ही ते, खरं ते खरं.

दाखला मागाले गेलो तं मास्तर म्हणे, दोन पोरी काढल्या तं पट खाली येते, दाखला देत नाही. म्हणून पोरीइची नावं त्याच्याच पटावर राह्यली. जानेफळचे हेडमास्तर मात्र भला माणूस. म्हणे, दाखल्याचं मंग पाहू, पोरीइले बसू द्या. अशा त्या जाऊ लागल्या, नाला ओलांडून, अन् दोन महिन्यात कमल मले मामाचं कार्ड वाचून दाखवू लागली. त्याच पावसाळ्यात तो दिवस आला.

दुसऱ्यांदा उतरली तं वरून ओंडका आला. सुभद्राच्या खांद्यावर बसला. तिनं शांताले सोडलं नाही, दुसऱ्या हातानं धरून ठेवलं, अन् आम्ही सात-आठ बायांनी ओढलं, हाताची सालं निघाली. तिचा उजवा हात मंग खांद्याच्या वर कधी गेला नाही.

आठ दिवसांनी आम्ही दोघी मेहकरले पंचायत समितीत गेलो. ती हात गळ्यात बांधून. तिथल्या साहेबानं मास्तरकडून रजिस्टर मागवलं, उघडून म्हणे, बाई, तुमच्या गावची हजेरी तं चांगली आहे, तक्रार कशाची? सुभद्रा म्हणे, मागच्या शुक्रवारचं पान काढा साहेब. त्यानं काढलं. ती म्हणे, वाचा, कमल? तो म्हणे, हजर. शांता? हजर. सुभद्रा म्हणे, त्या दिवशी ह्या दोघी नाल्यात बुडून राह्यल्या होत्या, अन् त्यायले वाचवता वाचवता हा हात गेला. कोणत्या वर्गात हजर होत्या ते सांगा.

साहेबानं रजिस्टर मिटलं. म्हणे, तुम्हाले पोरी जानेफळले घालायच्या का गावात? म्या म्हटलं, कुठं घालायच्या ते आम्ही पाहू, मायबाप आम्ही आहो. पण जवळची शाळा चांगली असन तं नाल्यात काऊन धाडू?

महिन्याभरात नवीन मास्तर आले, अन् गावातच राह्यले. पहिल्या दिवशी साऱ्या शाळेले वाचाले लावलं, अन् चौथीतल्याइलेपण बाराखडीवर बसवलं. मायबाप चिडले, आमच्या पोराची इज्जत गेली म्हणे. मास्तर म्हणे, चिडा, पण घंटी झाल्यावर एकानं रोज येऊन पाह्यत जा. अन् पाळी लावली खरंच, वावरात जाताजाता एक बाई शाळेत डोकावून जाये. दाराजवळ कोणाले बसू देल्लं नाही त्यानं. कारण विचारलं तं म्हणे, वारा येते. तेवढंच. आम्ही पोरी परत आणल्या. चौथी झाल्यावर पुढं जानेफळलेच गेल्या, पण पावसाळ्यात वरच्या गावाहून पाण्याचा निरोप आल्याबिगर मास्तर एक लेकरू नाल्यावर जाऊ देत नसे.

शांता शिकून मास्तरीण झाली, बुलढाण्याले पेन्शनीत आहे. कमल सातवी झाली, तिचं मेहकरले दुकान आहे, ते तीच चालवते. त्या हेडमास्तरचं, त्या साहेबाचं, नवीन मास्तरचं भलं झालं असन, व्हावं. सुभद्राचे उपकार म्या तोंडानं कधी मानले नाही, तिले ते आवडलं नसतं. तिच्या वावराचं निंदण मात्र तिचा हात गेल्यापासून मीच करत आली, आता सुना करतात. काल आली होती, चहात साखर कमी म्हणून मले बोलून गेली.

त्या दिवशी पाण्यात तिघी होत्या. तिघी जगल्या.