अकरा पायऱ्या

लॅबमध्ये जेवणानंतरचं रक्त द्यायला थांबलेल्या म्हाताऱ्या शिंप्याला वर्तमानपत्रात काही गोडी वाटेना. पुढच्या बाकावर टेलिफोन खात्यातला एक निवृत्त लाइनमन आणि त्याची धाकटी बहीण बसली होती, आणि त्याचे कान तिकडेच लागले होते.

"दादा, डॉक्टर काय म्हणाले?"

"जेवणाचा वास आला की मेंदू नसांमधून स्वादुपिंडाला निरोप धाडतो. पहिला घास पोटात जायच्या आत इन्सुलिन निघायला लागतं. माझ्या तिथल्या नसाच खराब झाल्यात म्हणे. निरोप नीट पोचत नाही."

"जन्मभर लोकांच्या तारा जोडल्यास, आणि घरचीच लाइन बिघडली!"

"मी विचारलं, रोज वास घेतला तर सुधारेल का? ते हसले. म्हणाले, गोळ्या घ्या."

"वास कुठून येणार? डबा येतो झाकणबंद. माझ्याकडे राहायला चल. दोन्ही वेळा गरम वाढीन."

"नको गं."

"का नको? वहिनीला जाऊन दोन वर्षं झाली. त्या रिकाम्या घरात आहे काय?"

"संध्याकाळी तव्यावर कांदा टाकतो. तिच्यासारखा उभा चिरून. मग खाली उतरतो आणि पुन्हा जिना चढतो."

"गॅस चालू ठेवून? डोकं फिरलंय का तुझं?"

"बारीक करून जातो."

"आणि?"

"मधल्या वळणावर वास येतो. तिथून दारापर्यंत अकरा पायऱ्या आहेत. मी मुद्दाम हळू चढतो."

बहिणीने पदर डोळ्यांना लावला.

"रडतेस काय, वेडे? लोक बघतायत."

"बघू देत. आज संध्याकाळी मी येते. कांदा मी परतीन. तू खालून वर ये."