वळ येथील पांढऱ्या गाडीच्या चालकाच्या नावाबाबत

पुरवणी जबाब
दि. १७ फेब्रुवारी २०२५, सकाळी ११ वाजता

मी, बुद्धभूषण दत्तू रोकडे, वय ४९ वर्षे, धंदा नोकरी (गोदामात गेट सुपरवायझर), शिक्षण बारावी, राहणार बुद्धविहारामागे, कोन, ता. भिवंडी, जि. ठाणे. पोलीस ठाण्यात कोणी न बोलावता स्वतःच्या पायांनी येऊन समक्ष सांगतो की,

मी वरील ठिकाणी पत्नी शेवंता व मुलगी यांच्यासह राहतो. वळ येथील एका कापड गोदामाच्या मुख्य गेटवर तीन वर्षांपासून ड्युटी करतो. गोदामाचे मालक हरेशशेठ व त्यांचा पुतण्या भूपेश, वय २६, यांना रोज पाहत असल्याने चांगला ओळखतो. त्यापूर्वी सन २००९ ते २०२१ मी थायलंड देशात बँकॉक येथे एका भारतीय व्यापाऱ्याच्या दुकानात कापडाचे तागे तपासण्याचे काम करत होतो. ही माहिती या कामी लागत नाही असे लिहून घेणाऱ्या हवालदारसाहेबांचे म्हणणे आहे. लागते. पुढे सांगतो.

दि. ८ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी शेठची पांढरी गाडी आवारातून वेगाने गेटबाहेर पडली आणि वळताना भिंतीच्या कडेने चाललेल्या बुधी बारक्या मुकणे, वय ३८, राहणार अकलोलीजवळचा पाडा, हिला मागून धडकली. बुधी आमच्याकडे झाडलोट व गठ्ठे उचलण्याचे काम करते. तिचा डावा पाय दोन ठिकाणी मोडला. धडक मागून बसल्याने गाडी कोण चालवत होते हे तिला दिसले नाही. हमाल आत माल उतरवत होते, त्यांनीही पाहिले नाही.

मी पाहिले. गाडी भूपेश चालवत होता. गाडीचा नेमलेला ड्रायव्हर विकी, वय ३४, त्या वेळी माझ्या केबिनमध्ये माझ्यासमोर स्टुलावर बसून चहा पीत होता. त्याचा कप अर्धा भरलेला होता, तो त्याने टाकला आणि आम्ही दोघे धावलो. भूपेश उतरला, बुधीकडे एकदा पाहिले, चावी विकीच्या हातात दिली, "बघ रे जरा" एवढे बोलला आणि आवारात निघून गेला. विकी व मी बुधीला उचलून त्याच गाडीत ठेवले. विकीने गाडी दवाखान्यात नेली. म्हणून दवाखान्यातल्या लोकांनी स्टिअरिंगवर विकीलाच पाहिले आणि तसेच लिहून घेतले.

गेट रजिस्टरबाबत सांगतो. आमच्याकडे शेठच्या घरच्या गाड्यांची नोंद सकाळी शिफ्ट सुरू होतानाच करून ठेवतात. गाडीसमोर नेमलेल्या ड्रायव्हरचे नाव लिहायचे, गाडी सुटली की फक्त वेळ टाकायची. मग चालवो कोणीही. शेठच्या घरातल्या माणसाला गेटवर थांबवून "तुमचं नाव काय" असे विचारायची आमच्यात पद्धत नाही. त्यामुळे त्या दिवशी सकाळी आठ वाजता, म्हणजे अपघाताच्या सुमारे पावणेचार तास आधी, चालक म्हणून विकीचे नाव मीच माझ्या हाताने लिहून ठेवले होते.

त्याच दिवशी दुपारी पोलीस आले. गाडी कोण चालवत होते असे मला विचारले. मी तोंडाने काही बोललो नाही. रजिस्टर उघडून पुढे सरकवले. त्यांनी नाव उतरवून घेतले आणि तोच माझा पहिला जबाब झाला. आपण खोटे बोललो नाही, रजिस्टर बोलले, अशी मी त्या दिवशी स्वतःची समजूत काढली. असे का केले विचाराल, तर नोकरी. दुसरे काही कारण नाही आणि सजवून सांगायचेही नाही.

आता बँकॉकचे सांगतो. हवालदारसाहेबांनी "मुद्द्याचं बोला" असे दोन वेळा सांगितले. माझा मुद्दा तिथूनच येतो, त्याला मी काय करू?

तिथे मी ज्या इमारतीत खोली घेऊन राहत होतो, तिच्या खाली मालकीणबाईंचे चहाचे दुकान होते. त्यांना सगळे पी माली म्हणत. तिकडे मोठ्या बहिणीला पी म्हणतात. दर रविवारी सकाळी आम्ही परदेशी माणसे तिथे जमत असू. कॉलिन नावाचे एक निवृत्त इंग्रज मास्तर, शाळेत शिकवणारी फिलिपीन्सची मॅरिसेल, मी, आणि आमच्याच दुकानात गठ्ठे उचलणारा म्यानमारचा को टुन. बोलणे मोडक्या इंग्रजीत, थोडे थाईत. विषय फिरून फिरून एकच. इथला न्याय दोन तऱ्हेचा आहे.

कॉलिन टेबलावर हात आपटून सांगत, की इथे मोठ्या घरचा माणूस गाडीखाली कोणाला घालतो, मग मोगऱ्याच्या कळ्यांचा हार घेऊन दवाखान्यात जातो, हात जोडतो, फोटो निघतो आणि घरी जातो. मोटारसायकलवाल्याने तेच केले तर तो आधी कोठडीत जातो, हार नंतर. मॅरिसेल म्हणे, "खरं आहे, पण आपण सगळे खिशात पासपोर्ट ठेवून बोलतो. आणि कॉलिन, तुझ्या स्कूटरने त्या फळवालीची गाडी पाडली तेव्हा शिपायाने तुझा गोरा चेहरा बघून सलाम ठोकला, तेव्हा नाही तुला दोन न्याय दिसले?" कॉलिन म्हणत, ती गोष्ट वेगळी. आम्ही हसत असू. मला स्वतःला ती माफीची रीत वाईट वाटत नव्हती. समोर येऊन मान खाली घालणे ही काही लहान गोष्ट नाही, असे माझे मत होते आणि मी ते तिथे मांडले होते. को टुन कधीच मत देत नसे. आमच्यात सगळ्यांत कमी कागद त्याच्याकडे होते.

सन २०१६ मध्ये दुकानामागच्या गल्लीत एका मोठ्या घरच्या बाईंनी गाडी मागे घेताना को टुनला भिंतीशी दाबले. त्याचा उजवा हात मोडला. तो मध्येच आडवा आला असे बाईंनी सांगितले. तो आडवा आला नव्हता, मी चार हातांवर उभा होतो. थाई पोलिसाने मला विचारले. तिथे काम करण्याच्या माझ्या परमिटचे नूतनीकरण अकरा दिवसांवर होते. माझे लक्ष कापडाकडे होते, असे मी सांगितले. को टुनची चूक अशी नोंद झाली.

पुढच्या रविवारी चहाच्या टेबलावर थाई लोकांच्या दुटप्पीपणावर सगळ्यांत मोठ्या आवाजात मी बोललो. को टुन समोर होता. डाव्या हाताने साखर घालत होता. पी माली बोलल्या. त्यांनी माझ्यापुढे कप ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही आमच्याबद्दल बोलता ते खोटं नाही. पण पोलीस विचारतात तेव्हा तुम्ही बोलत नाही, माझ्या दुकानात बोलता." मला राग आला. मी मनात म्हटले, बाई, देश तुमचा, तुम्ही बोला, आम्ही परकी माणसं. त्यानंतर पाच वर्षे मी त्या दुकानात चहा प्यायलो, पण को टुनच्या शेजारी बसलो नाही.

एवढे सांगून झाल्यावर इकडचे सांगतो. दि. १० फेब्रुवारीला मी हरेशशेठना म्हणालो, की शेठ, कोर्टकचेरीचे काय व्हायचे ते होईल, पण बुधीची जाऊन माफी मागा, तिला बरे वाटेल. माझ्या मनात तिकडची रीत होती. शेठ लगेच "हो" म्हणाले. मला वाटले, वा, माणूस ऐकतो. दि. ११ रोजी सकाळी आम्ही दवाखान्यात गेलो. मोगऱ्याचा हार माझ्या सांगण्यावरून घेतला, लुगडे शेठच्या घरून आले. आत भूपेश येईल असे मी धरून चाललो होतो. आला विकी. शेठनी त्याला पुढे केले. विकीने बुधीच्या पायाशी वाकून हात जोडले आणि लुगडे तिच्या हातात ठेवले. शेठ म्हणाले, "रोकडे, फोटो काढ." मी काढला. काय सांगू, उजेड नीट यावा म्हणून पडदासुद्धा सरकवला.

बुधीने लुगडे घेतले, कारण घरी किंवा आजारपणात आलेल्या माणसाने हातात लुगडे दिले तर परत करायचे नाही, अशी त्यांच्या पाड्यात रीत आहे. तोच फोटो पुढे "समझोता झाला, ड्रायव्हरने कबूल केले, बाईने माफ केले" म्हणून पोलीस ठाण्यात दाखवला गेला. मी नंतर दवाखान्यात जाऊन बुधीला याबद्दल विचारले. ती म्हणाली, "दादा, लुगडं घेतलं म्हंजी पाय बरा झाला का? त्या पोराची दया आली म्हून घेतलं. त्याचं डोलं रडून लाल झालेलं. पर मंग मला कोनी पाडली, त्ये कोनी बोलंल का न्हाय?" बुधीचा नवरा बारक्या शेजारी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. मी खाली जाऊन रिक्षा पकडली.

दि. १६ रोजी, रविवारी सकाळी, विकीची पत्नी मनाली माझ्या घरी आली. ते आमच्याच गल्लीत राहतात. ती म्हणाली, "काका, हे जेवत नाहीत, बोलत नाहीत. नुसतं म्हणतात, शेठ वकील देणार आहेत, किरकोळ केस आहे. एसटीच्या ड्रायव्हर भरतीत यांचं नाव लागलंय. आठ वर्षं वाट बघितली. आता व्हेरिफिकेशनला पोलीस आले की काय सांगू, बाईला गाडीखाली घातली म्हणून? तुम्ही गेटवर होतात. हे चालवत होते का?"

मी म्हणालो, "रजिस्टरला तसंच आहे."

ती म्हणाली, "रजिस्टरला नाही विचारलं, काका. तुम्हाला विचारलं."

माझी पत्नी शेवंता आतून बाहेर येऊन दारात उभी राहिली होती. तीही माझ्या तोंडाकडे बघत होती. मला लाज वाटली. बँकॉकमध्ये निदान मी परका होतो. कोनमध्ये मी कोणाला सांगू की मी परका आहे?

त्याच दिवशी दुपारी मी शेठना फोन करून उद्या पोलीस ठाण्यात जात आहे असे सांगितले. मागून सांगण्यापेक्षा पुढून सांगावे असे वाटले. शेठ म्हणाले, "अरे रोकडे, कशाला डोक्याला ताप करून घेतोस? पोरगा आहे, त्याचं लग्न ठरलंय. गाडी विकीची, नाव विकीचं, मॅटर क्लोज. तू बाहेरदेशी राहिलेला माणूस, तुला समजायला पाहिजे." मी म्हणालो, "तेच समजलंय, शेठ." त्यांनी फोन ठेवला. आज सकाळी ड्युटीवर गेलो तेव्हा माझ्या केबिनची चावी दुसऱ्याकडे होती. तेथून मी सरळ इकडे आलो.

तरी माझे सांगणे असे की, अपघाताच्या वेळी गाडी भूपेश चालवत होता, विकी चालवत नव्हता. रजिस्टरमधील नोंद माझ्या हातची असून ती अपघाताच्या आधी लिहिलेली आहे. दवाखान्यातला फोटो मी काढलेला आहे व माफीची कल्पनाही माझीच होती. पहिल्या जबाबात मी खरे सांगितले नाही, त्याबद्दल माझ्यावर जी कारवाई होईल तिला माझी हरकत नाही. थायलंडमधील लोकांबद्दलचा मजकूर वगळून जबाब छोटा करावा असे मला सुचवण्यात आले, ते मी मान्य केले नाही.

जबाब मला मराठीत वाचून दाखवला. त्यात अपघाताच्या परिच्छेदात "चालक विकी" असे नाव आले होते. जुन्या जबाबावरून मजकूर उतरवताना ते तसेच राहिले, असे हवालदारसाहेब म्हणाले. ते बदलावे असे मी सांगितले. "नंतर करतो, तुम्ही निघा," असे मला सांगण्यात आले. मी निघालो नाही, खुर्चीवर बसून राहिलो. दुपारी १ वाजून १५ मिनिटांनी त्या ठिकाणी माझ्या डोळ्यांदेखत भूपेशचे नाव घातले व सगळा जबाब पहिल्यापासून पुन्हा वाचून दाखवला. आता तो मी सांगितला तसा आहे.